दुर्गम वाटांसाठी पिकअप : सज्जता, वजनाचा हिशेब आणि विजेचा पर्याय

पुढे प्रवाशांची केबिन, मागे उघडा हौदा आणि खाली शिडीसारखी भक्कम चासी अशी पिकअपची सर्वसाधारण ओळख आहे. शेतमाल, बांधकामाचे साहित्य आणि जनावरे वाहण्यासाठी जन्मलेल्या या वाहनाला ऑस्ट्रेलियात 'यूट' म्हणतात. तेथील गिप्सलँड भागातील एका शेतकऱ्याच्या पत्नीने १९३२च्या सुमारास फोर्ड कंपनीला पत्र लिहून, रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील असे वाहन मागितले, असे सांगितले जाते. जिलाँग येथील कारखान्यातील तरुण आरेखनकार ल्यू बँट यांनी अशा वाहनाचे आरेखन केले आणि १९३४ मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले. आज त्याच देशात पिकअप हे कुटुंबाचे वाहनही आहे आणि वाळवंट पार करण्याचे साधनही. टोयोटा हायलक्स आणि फोर्ड रेंजर या दोन पिकअप गेली काही वर्षे तेथील सर्वाधिक खपाच्या वाहनांत अग्रभागी राहिल्या आहेत.

दुर्गम प्रवासासाठी पिकअप सज्ज करण्याची एक मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे. पोलादी बार, विंच, छतावरचे तंबू, मोठे टायर, जादा टाक्या अशी ही यादी लांबत जाते. मात्र यातील प्रत्येक वस्तूला वजन असते आणि वाहनाची भार वाहण्याची क्षमता ठरलेली असते. सज्जतेचा खरा प्रश्न 'काय बसवावे' यापेक्षा 'किती वजनात बसवावे' हा आहे. विजेवर चालणारा पिकअप अशा प्रवासाला कितपत योग्य, या प्रश्नाचे उत्तरही शेवटी याच हिशेबात सापडते.

वाट ठरवते गरज

सज्जतेची सुरुवात दुकानात नव्हे, नकाशावर व्हावी. मध्य ऑस्ट्रेलियातील सिम्सन वाळवंटात सुमारे ११०० समांतर वाळूच्या टेकड्या आहेत. पश्चिमेकडील माउंट डेअर ते पूर्वेकडील बर्ड्सव्हिल या ५०० कि.मी.हून अधिक अंतरात इंधन मिळत नाही. समोरून येणारे वाहन टेकडीपलीकडून दिसावे म्हणून उंच काठीला झेंडा लावणे तेथे बंधनकारक आहे, तर उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत, उद्यानाचा भाग बंद ठेवला जातो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील कॅनिंग स्टॉक रूट हा गुरे हाकण्याचा जुना मार्ग सुमारे १८५० कि.मी. लांब आहे. आल्फ्रेड कॅनिंग यांनी १९०६-०७ मध्ये त्याची पाहणी केली आणि पुढे १९०८ ते १९१० या काळात वाटेवर विहिरी खोदण्यात आल्या.

अशा वाटेवर निघालेल्या वाहनाला इंधन, पाणी आणि सुटे भाग सोबत न्यावेच लागतात. याउलट शनिवार-रविवारी कच्च्या रस्त्याने नदीकाठी जाऊन परतणाऱ्या कुटुंबाला यातील निम्म्या गोष्टींचीही गरज नसते. वर्षातून एकदा होणाऱ्या प्रवासासाठी बसवलेला पोलादी बार उरलेले वर्षभर शहरातील रस्त्यांवरही इंधन खात असतो.

पहिला हिशेब वजनाचा

प्रत्येक वाहनासाठी उत्पादक 'एकूण अनुज्ञेय वजन' ठरवून देतो. त्यातून वाहनाचे रिकामे वजन वजा केले की वहनक्षमता उरते. चालक, प्रवासी, सामान आणि नंतर बसवलेली सर्व साधने या क्षमतेतच बसावी लागतात. पुढच्या व मागच्या आसावर किती भार चालतो याची मर्यादा वेगळी असते. छतावर चालत्या वाहनात किती वजन ठेवता येते याची मर्यादा तर बहुधा ७५ ते १०० किलोंच्या आसपासच असते.

चार दारांच्या एका पिकअपची वहनक्षमता ९५० किलो आहे असे मानू. तिच्यावर चढणाऱ्या साधनांची ढोबळ वजने अशी :

वाहनाच्या अंगावर : पुढचा पोलादी बार ६० किलो, विंच ३५, तळाचे संरक्षक पत्रे ४०, बाजूच्या पायऱ्या ३०, मागील टोइंग बार ३०. एकूण १९५ किलो.

हौद्यात : झाकणारे छत ८०, सामानाचे सरकते खण ६५, फ्रिज व अन्न ४०, दुसरी लिथियम बॅटरी व तिचा चार्जर १५. एकूण २०० किलो.

छतावर : रॅक ३० आणि तंबू ६०. एकूण ९० किलो.

प्रवासासाठी : जादा टाकी व तिच्यातील इंधन ७०, पाणी ६०, दुसरी स्टेपनी ३५, सुटकेची साधने व हत्यारे ४०. एकूण २०५ किलो.

ही बेरीज ६९० किलो होते. दोन प्रवाशांचे १६० किलो धरल्यास आकडा ८५० वर जातो आणि कपडे, खुर्च्या व भांडी यांच्यासाठी १०० किलो उरतात. मात्र चार प्रवासी बसले की आकडा १०१० होतो. कपड्यांची एकही पिशवी ठेवण्यापूर्वीच मर्यादा ६० किलोंनी ओलांडली जाते. या यादीत चैनीची म्हणावी अशी वस्तू फारशी नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

मर्यादा ओलांडण्याचे परिणाम गंभीर असतात. ब्रेक लागण्याचे अंतर वाढते, टायर तापून फुटतात, वळणावर वाहन डोलते. पिकअपच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. हौद्याचा मोठा भाग मागील आसाच्या पलीकडे असल्याने तेथे ठेवलेला भार तरफेसारखे काम करतो. खड्ड्यांतून वेगाने जाताना केबिन आणि हौदा यांच्यामधील जागी चासी वाकल्याची उदाहरणे ऑस्ट्रेलियात वारंवार घडली आहेत. स्प्रिंगमध्ये हवेच्या पिशव्या बसवून मागची बाजू उचलली की गाडी सरळ दिसते. भार मात्र कमी होत नाही, उलट तो चासीच्या एका बिंदूवर एकवटतो. जड वस्तू शक्य तितक्या खाली आणि दोन्ही आसांच्या मध्ये ठेवणे, हाच त्यावरचा उपाय.

टायर, हवा आणि उंची

मर्यादित खर्चात सर्वाधिक लाभ कोणत्या बदलाने होतो, असे विचारल्यास अनुभवी प्रवाशांचे उत्तर टायर हेच असते. जाड कडांचे, भार वाहणाऱ्या वाहनांसाठी बनवलेले 'ऑल टेरेन' टायर बहुतेकांना पुरेसे होतात. चिखलासाठीचे खोल नक्षीचे टायर डांबरी रस्त्यावर आवाज करतात, लवकर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकडही कमी असते.

टायरइतकेच महत्त्व त्यातील हवेला आहे. डांबरी रस्त्यावर ३५ ते ४० पौंड असणारी हवा मऊ वाळूत १५ ते १८ पौंडांपर्यंत उतरवली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि वाहन वाळूवर तरंगल्यासारखे चालते. वाळूत रुतलेल्या कित्येक गाड्या केवळ हवा कमी केल्याने बाहेर निघतात. मात्र हवा कमी असताना वेग कमी ठेवावा लागतो आणि झटक्याने वळणे टाळावे लागते, अन्यथा टायर रिंगवरून निसटू शकतो. डांबरी रस्त्यावर परतताच हवा पुन्हा भरणे आवश्यक असल्याने प्रेशर गेज आणि छोटा कॉम्प्रेसर या दोन वस्तू चैनीच्या नव्हेत, गरजेच्या ठरतात.

वाहनाची उंची वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. टायरचा व्यास ५० मि.मी.ने वाढला तर डिफरन्शियलखालची मोकळी जागा २५ मि.मी.ने वाढते. सस्पेन्शन उंच केल्यास पुढचा बंपर व वाहनाचे पोट अडथळ्यांना लागत नाही, पण डिफरन्शियल होते तेथेच राहते. शिवाय गुरुत्वमध्य वर गेल्याने उतारावर कलंडण्याचा धोका वाढतो. ४० ते ५० मि.मी. एवढी वाढ आणि प्रत्यक्ष वजनाला साजेशा स्प्रिंग हा साधारणपणे समंजस मार्ग मानला जातो.

सुटकेची साधने

रुतलेले वाहन बाहेर काढताना होणारे अपघात जीवघेणे असतात. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला ओढण्याचा पट्टा कधीही अडकवू नये. ताणाखाली तो गोळा तुटून बंदुकीच्या गोळीसारखा उडाल्याने ऑस्ट्रेलियात मृत्यू झाले आहेत. चासीला पक्के बसवलेले, क्षमता नोंदवलेले हूक पुढे व मागे असणे, पट्ट्यावर वजनदार कापड किंवा पिशवी टाकणे आणि बघ्यांना दूर उभे करणे ही किमान शिस्त होय.

एकट्याने जाणाऱ्याला विंच उपयोगी पडते, पण सपाट वाळवंटात तिची दोरी बांधायला झाडच नसते. तेथे लांब दांड्याचे फावडे आणि चाकाखाली सरकवायच्या कडक प्लास्टिकच्या फळ्या अधिक कामाच्या ठरतात. त्यांचे वजनही थोडे असते. मागचे डिफरन्शियल लॉक ज्या वाहनात कारखान्यातूनच बसवलेले असते, त्याला विंचची गरज क्वचित पडते.

पाण्यासाठी माणशी रोज ५ ते १० लिटर असा हिशेब धरतात आणि ते एकाच टाकीत न ठेवता दोन-तीन भांड्यांत विभागतात. विजेचा हिशेबही सोपा आहे. चाळीस-पन्नास लिटरचा फ्रिज दिवसाला सुमारे अर्धा युनिट वीज वापरतो. १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत सव्वा युनिटच्या आसपास वीज असते. म्हणजे गाडी न हलवता दोन दिवस निभावतात, आणि छतावर २०० वॉटचे सौर पॅनेल असल्यास मुक्काम आणखी लांबवता येतो.

भारतात काय चालते ?

भारतात खासगी वापरासाठी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि टोयोटा हायलक्स २०२२ मध्ये दाखल झाली. मात्र ऑस्ट्रेलियातील यादी येथे जशीच्या तशी उतरवता येत नाही.

ऑस्ट्रेलियात पुढचा पोलादी बार कांगारूच्या धडकेपासून रेडिएटर वाचवण्यासाठी बसवतात. भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून अशा बारवर कारवाई करण्यास सांगितले. पादचाऱ्यांना होणारी गंभीर इजा आणि वाहनातील प्रवाशांना असलेला धोका ही त्यामागची कारणे होती. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. त्यामुळे कायमस्वरूपी बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाची लेखी परवानगी आणि विमा कंपनीला सूचना, या दोन्ही गोष्टी टाळू नयेत.

संपर्कसाधनांबाबतही असाच फरक आहे. ऑस्ट्रेलियात सर्रास वापरला जाणारा उपग्रह फोन भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीविना बाळगणे बेकायदा आहे. मार्ग व परतीची वेळ घरी लिहून ठेवणे आणि दोन वाहनांनी जाणे, हे येथील अधिक भरवशाचे उपाय होत.

विजेवरचा पिकअप : बळ

दुर्गम वाटेवर विजेच्या मोटरचे काही गुण डिझेल इंजिनाला सहज मागे टाकतात. शून्य वेगापासून पूर्ण पीळ उपलब्ध असतो. त्यामुळे मोठ्या दगडावरून इंच-इंच पुढे सरकताना क्लच जळण्याची भीती नसते. अमेरिकेत सप्टेंबर २०२१ मध्ये ग्राहकांच्या हाती पडू लागलेल्या रिव्हियन आर१टी या पिकअपमध्ये प्रत्येक चाकासाठी स्वतंत्र मोटर होती. त्यामुळे कोणत्या चाकाला किती बळ द्यायचे हे संगणक क्षणार्धात ठरवू शकतो. बॅटरी तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो. हवा ओढणारे इंजिनच नसल्याने पाण्यातून जाताना स्नॉर्कल लागत नाही. विरळ हवेच्या घाटात मोटरची शक्ती घटत नाही आणि लांब उतारावर ब्रेक तापण्याऐवजी बॅटरीत वीज परत येते.

मुक्कामाच्या ठिकाणी तर हा पिकअप छोटे वीजकेंद्रच ठरतो. शंभराहून अधिक युनिट साठवणाऱ्या बॅटरीपुढे फ्रिजचा रोजचा अर्धा युनिट नगण्य आहे. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगमधून ९.६ किलोवॉटपर्यंत वीज बाहेर घेता येत असे. दुसरी बॅटरी, तिचा चार्जर व जनरेटर यांचे वजन त्यामुळे वाचते.

आणि मर्यादा

मर्यादा मात्र पुन्हा वजनापाशीच येते. हायलक्सच्या ८० लिटरच्या टाकीतील डिझेलचे वजन अवघे ६७ किलो असते. त्यात सुमारे ८०० युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातील बरीचशी उष्णतेच्या रूपाने वाया घालवते, तरीही २५० युनिटच्या आसपास ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते. आजच्या तंत्राने तेवढी ऊर्जा बॅटरीत भरायची तर बॅटरीचे वजन दीड टनाहून अधिक होईल. जीएमसी हमर ईव्हीचे उदाहरण बोलके आहे. तिची बॅटरीच सुमारे १३०० किलोंची आणि संपूर्ण वाहन ४१०० किलोंचे आहे. ऑस्ट्रेलियात मोटारीच्या सामान्य परवान्यावर भारासह कमाल ४५०० किलो वजनाचे वाहन चालवता येते, हे लक्षात घेतले की उरणाऱ्या जागेची कल्पना येते. शिवाय टाकी रिकामी होते तशी डिझेल गाडी हलकी होत जाते. बॅटरी रिकामी झाली तरी तिचे वजन तेवढेच राहते, आणि मऊ वाळूत व चिखलात जड वाहन अधिक रुतते.

आर१टीच्या पहिल्या आवृत्तीचा अमेरिकी सरकारी चाचणीतील पल्ला ५०५ कि.मी. होता आणि तिचा वापर १०० कि.मी.ला सुमारे ३० युनिट. वाळूत हा वापर दुप्पट धरल्यास सिम्सन वाळवंटासाठी ३०० युनिट लागतील. बॅटरीत आहेत सुमारे १३५. उरलेली वीज सूर्याकडून घ्यावी असे वाटेल, पण एक किलोवॉटचे पॅनेल चांगल्या उन्हातही दिवसाला पाच-सहा युनिटच देते. म्हणजे बॅटरी एकदा भरायला साडेतीन आठवडे वाळवंटातच थांबावे लागेल. छतावरचा तंबू, थंडी आणि मागे जोडलेला ट्रेलर यांनी पल्ला आणखी घटतो. जड व उंच ट्रेलर असल्यास तो निम्म्यावर येतो.

अभिनेते इवान मॅकग्रेगर व चार्ली बूरमन यांच्या २०१९ मधील उशुआइया ते लॉस एंजल्स या दुचाकीप्रवासात रिव्हियनच्या दोन नमुना गाड्या सोबत होत्या. तो प्रवास शक्य व्हावा म्हणून कंपनीने मार्गावर ठिकठिकाणी चार्जर बसवले होते. ऑस्ट्रेलियातील नलारबॉर पठारावर कायगुना येथे २०२२ मध्ये, तळणाच्या वापरलेल्या तेलावर चालणाऱ्या जनरेटरचा चार्जर उभारण्यात आला. वाहनापेक्षा वाटेवरची व्यवस्था निर्णायक ठरते, हे दोन्ही उदाहरणांतून दिसते. हिमाचलमधील टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ कि.मी.वर असल्याची पाटी अनेक वर्षे झळकत असे. भरलेल्या टाकीच्या डिझेल पिकअपला ते अंतर किरकोळ आहे. विजेच्या वाहनाला मात्र चढ, थंडी आणि भार यांचा मेळ घालूनच ते ओलांडावे लागेल.

मधला मार्ग

बाजारानेही हा हिशेब ओळखला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये बँकॉक येथे सादर झालेल्या नव्या हायलक्सची विजेवरची आवृत्ती ५९.२ युनिटच्या बॅटरीवर सुमारे २४० कि.मी. जाते आणि १६०० किलोंचा ट्रेलर ओढते. डिझेल हायलक्स ३५०० किलो ओढते. खाणी, शेते आणि नगरपालिका यांच्या ठरलेल्या फेऱ्यांसाठी ती योग्य आहे, वाळवंटासाठी नव्हे. इसुझूने डी-मॅक्सच्या विद्युत आवृत्तीत ६६.९ युनिटची बॅटरी ठेवून एक टन भार व साडेतीन टन ओढण्याची क्षमता कायम राखली, पण पल्ला २६३ कि.मी.वर थांबला. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने एफ-१५० लाइटनिंगचे केवळ बॅटरीवरचे उत्पादन थांबवून, पुढील आवृत्तीत सोबत जनरेटर देण्याचे जाहीर केले.

जनरेटर किंवा लहान इंजिन सोबत नेणारे हे मिश्र वाहन सध्याचा व्यवहार्य मध्यमार्ग ठरत आहे. बीवायडी शार्क ६ या प्लग-इन हायब्रिड पिकअपमध्ये सुमारे ३० युनिटची बॅटरी आणि दीड लिटरचे पेट्रोल इंजिन आहे. तिची वहनक्षमता ७९० किलो आणि ओढण्याची क्षमता २५०० किलो आहे. रोजची ये-जा विजेवर आणि लांबचा प्रवास पेट्रोलवर, अशी विभागणी त्यात साधते. २०२४ च्या डकार रॅलीत कार्लोस साइन्झ यांनी जिंकलेली ऑडीही विजेच्या मोटरवरच धावत होती, पण तिची बॅटरी भरण्यासाठी आत इंजिन होते.

निवड करताना

घरी चार्जिंगची सोय आहे, बहुतेक प्रवास शहरात होतो आणि कच्च्या वाटेवरचे मुक्काम जाऊन-येऊन दोनशे कि.मी.च्या आत आहेत, अशांना विद्युत पिकअप सोयीचा ठरेल. जाणे-येणे लांबचे पण वाटेवर पंप असल्यास मिश्र वाहन, आणि इंधनाविना शेकडो कि.मी. वाळू किंवा डोंगर तुडवायचा असल्यास आजही डिझेल, असा ढोबळ निष्कर्ष निघतो. बॅटरीचे वजन जसजसे घटेल तसतशा या सीमारेषा सरकत जातील.

वाहन कोणतेही असो, निघण्यापूर्वी एक काम मात्र अवश्य करावे. सर्व प्रवासी, भरलेली टाकी आणि संपूर्ण सामानासह गाडी सार्वजनिक वजनकाट्यावर न्यावी. आधी पुढची चाके, मग मागची चाके आणि शेवटी संपूर्ण गाडी तोलून तिन्ही आकडे नोंदणी पुस्तक व उत्पादकाच्या मर्यादांशी ताडून पाहावेत. आकडा जास्त आल्यास घरी ठेवता येतील अशा वस्तू काढण्याची हीच वेळ असते. वाळवंटात ती सोय नसते.